पाय झाकणारा बाप, पाय मागे घेणारा बाप

रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'गोरा' या कादंबरीवर मी आजवर जे वाचले, त्यात कृष्णदयाल या पात्राच्या वाट्याला फार थोड्या ओळी आलेल्या दिसतात. गोराचा राष्ट्राभिमान, परेशबाबूंचा समजूतदारपणा, सुचरितेचे मन, आनंदमयीचे मातृत्व यांवर भरभरून लिहिले जाते. कृष्णदयालबाबू मात्र 'कर्मठ', 'भित्रा', 'ढोंगी' अशा एखाद्या विशेषणात आटोपतात. महाभारतातल्या अधिरथाचेही थोड्याफार फरकाने तेच होते. 'भला माणूस', 'प्रेमळ सारथी' असे म्हणून आपण कर्णाकडे वळतो. एकाच्या नावापुढे स्वार्थ लिहायचा, दुसऱ्याच्या नावापुढे मोठे मन लिहायचे आणि पान उलटायचे, अशी ही रीत आहे.

दोघांमध्ये साम्य एवढेच, की दोघांनीही दुसऱ्याचे मूल घरात वाढवले. मुलाच्या जन्माची खरी हकिकत कृष्णदयालला ठाऊक होती. अधिरथाला ती ठाऊक नव्हती, पण हे मूल आपल्या कुळातले नाही हे पहिल्या दिवसापासून दिसत होते. या लेखात मी या दोन बापांना शेजारी बसवून पाहणार आहे. माझे म्हणणे असे, की परक्याचे मूल वाढवणाऱ्या पुरुषाचा हेतू एका शब्दात सांगता येत नाही, कारण तो एका दिवसाचा नसतो. मूल वाढते, बाप म्हातारा होतो आणि तो हेतू पुन्हा पुन्हा नव्याने ठरवावा लागतो. आपल्या समाजात त्याची परीक्षा भावनेच्या बोलण्यात होत नाही. ती विधीच्या प्रसंगी होते. नमस्कार, लग्न आणि श्राद्ध हे ते प्रसंग. चांगले लेखक आपल्याला नेमके तिथेच उभे करतात.

1

'गोरा' 1907 ते 1910 या काळात 'प्रवासी' मासिकातून क्रमशः आली आणि 1910 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिची पूर्वकथा थोडक्यात आठवू.

कृष्णदयालची पहिली बायको मुलाला जन्म देऊन वारली. आईच्या मरणाला हेच मूल कारण, असा राग धरून त्याने नवजात महिमला सासुरवाडीला ठेवले आणि वैराग्याच्या भरात तो पश्चिमेकडे निघून गेला. सहा महिन्यांत त्याने काशीच्या एका पंडिताच्या पोरक्या नातीशी, आनंदमयीशी, लग्न केले. सरकारी नोकरी मिळाली. साहेबांच्या पंक्तीला बसून मद्यमांस घेणे हा त्या काळी त्याला पुरुषार्थ वाटे. माहेरून सोवळ्याओवळ्याचे संस्कार घेऊन आलेल्या बायकोचे नेमधर्म त्याने हट्टाने मोडायला लावले.

1857च्या बंडात ही दोघे इटाव्याला होती. कृष्णदयालने युक्तीने काही इंग्रजांचे प्राण वाचवले आणि पुढे त्याबद्दल मानमरातब व जहागीर मिळवली. त्याच धामधुमीत एक गरोदर गोरी बाई शिपायांच्या भीतीने त्यांच्या घरी आश्रयाला आली. तिचा आयरिश नवरा आदल्याच दिवशी लढाईत मारला गेला होता. रात्री ती प्रसूत झाली आणि मरण पावली. ते मूल म्हणजे गोरा. मूल पाद्र्याच्या हवाली करावे असे कृष्णदयालच्या मनात होते. आनंदमयीने ते मानले नाही. पाद्री त्याचा कोण लागतो, त्याचा जीव काय पाद्र्याने वाचवला, असा तिचा सरळ प्रश्न होता. तिला स्वतःचे मूल नव्हते. मूल राहिले.

कृष्णदयालने त्या दिवशी मूल 'घेतले' असे म्हणता येत नाही. घेतले ते आनंदमयीने; त्याने ठेवून घेऊ दिले. तरीही त्या वेळच्या त्याच्या वागण्यात वाईट काहीच नाही. जातपात, विटाळ ही त्याच्या लेखी तेव्हा थट्टेची गोष्ट होती, त्यामुळे गोऱ्या बाईचे मूल घरात असण्याची त्याला अडचण नव्हती. बायकोच्या मनाविरुद्ध त्याने तिचे इतके काही मोडले होते, की तिची एवढी एक इच्छा मोडू न देणे ही मला एक प्रकारची भरपाईही वाटते. कादंबरीकार तसे सांगत नाही. तो घटना पुढे ठेवतो आणि थांबतो.

मग माणूस बदलला. नोकरी सुटली, वय झाले. कलकत्त्याला आल्यावर कृष्णदयाल साधुसंन्याशांच्या नादी लागला. घरातला स्वतःचा भाग त्याने वेगळा केला, त्याला साधनाश्रम म्हणू लागला, बायकोच्या हातचेही टाळू लागला. आनंदमयी नेमकी उलट्या दिशेने गेली. नवऱ्याने मारूनमुटकून मोडायला लावलेले नेम तिने गोराला मांडीवर घेतले त्या दिवशी मनापासून सोडून दिले, कारण जन्माला आलेल्या मुलाला जात नसते हे तिला मांडीवरच कळले. म्हणून तिच्या खोलीत लछमिया ही ख्रिस्ती दासी आहे. नवराबायको एकाच मुलापाशी येऊन दोन वाटांनी गेली.

2

आता माझ्या शीर्षकातला प्रसंग. कृष्णदयाल गंगास्नान करून, हातात गंगाजलाचे भांडे, अंगावर नामावली, ओठांवर मंत्र असा घरी येतो. गोरा पुढे होऊन त्याचे पाय शिवतो. 'राहू दे, राहू दे' अशा गडबडीने कृष्णदयाल संकोचून बाजूला होतो. पूजेला बसण्याआधी गोराचा स्पर्श झाला, म्हणजे गंगास्नानाचे पुण्य वाया गेले. गोराला वाटते, वडील सोवळ्याबाबत फारच काटेकोर आहेत, सगळ्यांचाच स्पर्श टाळतात. ते विशेष करून आपलाच स्पर्श टाळतात हे त्याच्या ध्यानात येत नाही.

या प्रसंगाची क्रूरता अशी, की नमस्कार करणारा गोरा त्या वेळी बंगालातला सर्वांत कडवा हिंदू होऊ पाहतो आहे. तो शिवाशिव पाळतो, आईच्या खोलीत लछमिया आहे म्हणून तिथे जेवत नाही, परेशबाबूंच्या ब्राह्म घराकडे संशयाने पाहतो. बापाला खरे तर आनंद व्हावा. पण मुलगा जितका कडवा होतो, तितका बाप अधिक घाबरतो. मुलाचा धर्माभिमान हा बापाच्या लेखी अधिकार नसलेल्या माणसाने केलेला धर्माचार असतो.

भीतीचे दुसरेही कारण होते. सरकारला न कळवता गोऱ्या माणसाचे मूल लपवून ठेवले हे उघड झाले तर पेन्शन जाईल, पोलिसांचा ससेमिरा लागेल, हे तो आनंदमयीला बोलून दाखवतो. इंग्रजांचे प्राण वाचवल्याबद्दल ज्याला जहागीर मिळाली, तोच एक आयरिश जीव वाचवल्याबद्दल शिक्षेला भितो. आनंदमयीही गप्प राहते, पण तिची भीती वेगळी आहे. कळले तर गोरा आपल्याला सोडून जाईल, ही ती भीती. गुपित एक आणि ते राखण्याची कारणे दोन. एकाला स्वतःला वाचवायचे आहे, दुसरीला मुलाला गमवायचे नाही. 'दोघांनीही लपवले' असे म्हणून या दोघांना एका मापाने मोजणे मला पटत नाही.

लग्नाचा विषय निघतो तेव्हा कृष्णदयालच्या मनातला गुंता आणखी स्पष्ट होतो. ब्राह्मणाची मुलगी गोराला द्यायची नाही. तो अधर्म होईल. मग त्याला जुना सहाध्यायी परेशबाबू आठवतो. त्याच्या घरी मुली आहेत, ते ब्राह्मसमाजी आहेत, तिथे जमले तर बरे. ज्या घरात तो स्वतः पाणी पिणार नाही, त्या घरात मुलाला वळवण्याचा विचार तो करतो. याला दुष्टपणा म्हणता येईल का? मला तसे वाटत नाही. ही त्याच्या परीने केलेली सोय आहे. मुलाचे काहीतरी भले व्हावे आणि आपल्याला पाप लागू नये, या दोन्ही इच्छा त्यात आहेत आणि दुसरी पहिलीपेक्षा जड आहे.

3

आता महाभारताकडे. आदिपर्वातला रंगभूमीचा प्रसंग मराठी वाचकाला पाठ आहे. कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, कुळ विचारले जाते, दुर्योधन त्याला तिथल्या तिथे अंगदेशाचा राजा करतो. अभिषेकाचे पाणी अजून केसांतून ओघळते आहे, तेवढ्यात काठी टेकत, घामाघूम, थरथरत, उपरणे घसरलेले अशा अवस्थेत अधिरथ मैदानात येतो. कर्ण धनुष्य टाकून पुढे होतो आणि ते ओले मस्तक त्याच्या पायांवर ठेवतो. पुढचा तपशील फार थोडे जण लक्षात ठेवतात. अधिरथ गडबडून वस्त्राच्या टोकाने आपले पाय झाकून घेतो. आणि मग त्याला 'पुत्र' म्हणतो, मिठीत घेतो, त्याचे भिजलेले डोके आसवांनी पुन्हा भिजवतो.

पाय का झाकले? साधे उत्तर असे, की राजाने सारथ्याच्या पाया पडणे त्याला अवघड वाटले. पण महाभारत आणखी एक उत्तर सुचवते आणि ते वनपर्वात आहे. चंपानगरीजवळ गंगेतून वाहत आलेली पेटी उघडली तेव्हा आत कवचकुंडले ल्यालेले तेजस्वी मूल होते. अधिरथ बायकोला म्हणाला, की मला मूल नाही म्हणून देवांनी हे दिले. मूल आपल्याला पेलण्याहून मोठे आहे हे तो पहिल्या क्षणापासून जाणतो. रंगभूमीवर तो पाय झाकतो तेव्हा ती जुनी जाणीव वर येते. नमस्कार स्वीकारायला आपण कोण, असे त्याच्या हाताला वाटले आणि लगेच त्याच्या तोंडाने 'पुत्र' म्हटले. संकोच आणि हक्क एकाच श्वासात आले.

दोन्ही बापांनी मुलाच्या नमस्कारापासून आपले पाय दूर केले. एकाने मुलगा आपल्याहून मोठा आहे म्हणून, दुसऱ्याने मुलगा आपल्याहून हीन आहे म्हणून. हे मूल आपल्या रक्ताचे नाही, याची कबुली दोन्ही कृतींत आहे. फरक पुढच्या हालचालीत आहे. अधिरथ पाय झाकून मिठी मारतो. कृष्णदयाल पाय मागे घेऊन पूजेला जातो.

पालक पित्याच्या मनातली ही 'ठेव' सांभाळल्याची भावना कण्वातही दिसते. महाभारतातला कण्व दुष्यंताघरी जाऊ घातलेल्या शकुंतलेचा पिता आहे तो देहामुळे नव्हे. देह देणारा, प्राण राखणारा आणि अन्न देणारा या तिघांनाही पिता म्हणावे, हे वचन त्याच्याच कथेत येते. कालिदासाने चौथ्या अंकात त्याला रडू फुटेल इतका व्याकूळ केला आणि शेवटी ठेव परत केल्यासारखे हलके वाटते असे म्हणायला लावले. ठेवीची ती कल्पना मुलीच्या कोणत्याही बापाला लागू असल्याने कण्वाचे पालकपण तिथे झाकले जाते. सांभाळलेली मुलगी आणि पोटची मुलगी यांत कालिदास भेदच करत नाही. मुलाच्या बाबतीत ही सोय नाही. मुलगा घरात राहतो, आणि बापाच्या मरणानंतर त्याला एक काम करायचे असते.

4

ते काम म्हणजे पिंड. इथे थोडे धर्मशास्त्र पाहावे लागेल.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत. त्यात 'अपविद्ध' म्हणजे आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने स्वीकारलेला. 'कानीन' म्हणजे कुमारिकेला झालेला, जो तिच्याशी पुढे लग्न करणाऱ्याचा मानला जातो. कर्ण या दोन्हींत बसतो. अधिरथाचा तो अपविद्ध, पंडूचा तो कानीन. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला वळवायला येतो तेव्हा तो नेमका हाच कायदा मांडतो: शास्त्राने तू पंडूचा पुत्र आहेस, चल, राज्य तुझे आहे. गंमत अशी, की मनूच्या यादीत अपविद्ध हा वारसाचा हक्क असलेल्या पहिल्या सहांत आहे आणि कानीन तो हक्क नसलेल्या दुसऱ्या सहांत. म्हणजे निदान त्या यादीपुरते पाहिले तर सारथ्याची बाजू राजापेक्षा भक्कम ठरते.

कर्ण मात्र यादीने उत्तर देत नाही. तो केलेल्या गोष्टी मोजतो. राधेला पान्हा फुटला. तिने माझे मलमूत्र काढले. तिचा पिंड माझ्यासारख्याने कसा तोडावा? अधिरथाने पुत्रप्रेमाने माझे जातकर्म केले, ब्राह्मणांकडून वसुषेण हे नाव ठेवले, वयात आल्यावर माझी लग्ने लावली, मला मुले नातवंडे झाली. सारी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी दिल्या तरी हे नाते खोटे करणार नाही. दुर्योधनाचे ऋणही तो सांगतो, पण त्याआधी हे सांगतो. कर्णाच्या मते बाप कोण, हे कोणी काय केले यावरून ठरते, आणि आपण कुणाचे मुलगे, हे आपण कुणाला पिंड देणार यावरून.

मराठीत कर्णावर उदंड लिहिले गेले. रणजित देसाईंची 'राधेय', वि. वा. शिरवाडकरांचे 'कौंतेय', शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय'. दोन आयांच्या नावाने दोन पुस्तके झाली. महाभारत कर्णाला 'आधिरथि' असेही म्हणते, पण त्या नावाची प्रसिद्ध कृती माझ्या पाहण्यात नाही. 1967च्या 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापली बाजू सांगतात. धाकट्या भावाला आवाज मिळाला. अधिरथाला आणि राधेला नाही. त्याच वर्षी आलेल्या इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'मध्ये 'पितापुत्र' नावाचे प्रकरण आहे, पण ते विदुर आणि युधिष्ठिर यांच्याविषयी आहे, म्हणजे रक्ताच्या बापाच्या शोधाचे. कर्णाचे प्रकरण 'मी कोण?' हा प्रश्न विचारते. तो मुलाचा प्रश्न आहे. 'हा माझा कोण?' हा बापाचा प्रश्न आपल्याकडे कुणी फारसा विचारला नाही.

5

पोटापाण्यासाठी मी तालुक्याच्या गावी बरीच वर्षे दस्त लिहिण्याचे काम केले. खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे यांच्या ढिगात दत्तकपत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दत्तकपत्रात हेतूचे एक ठरलेले वाक्य असते: मूलबाळ नाही, वंश चालावा, पश्चात उत्तरक्रिया व्हावी. कागदावर सगळ्यांचा हेतू सारखाच. पण कागद तयार होईपर्यंत बाकड्यावर बसून माणसे जे बोलतात त्यात तो सारखा नसतो. जमीन भावकीत जाऊ नये हा एक हेतू. बायकोला सोबत व्हावी हा दुसरा. भावाचे एक मूल शिकावे हा तिसरा. पुष्कळदा एकाच माणसाच्या बोलण्यात तिन्ही येतात आणि त्याला स्वतःला त्यात विसंगती वाटत नाही. 1956च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याने दत्तक दिल्या दिवसापासून मूल सर्व दृष्टींनी घेणाऱ्याचे होते. कायद्याला तारीख लागते, आणि ते बरोबरच आहे. माणसाला मात्र एका तारखेत बाप होता येत नाही. कादंबरी त्या तारखेनंतरची वर्षे लिहिते, म्हणून मला तिची गरज वाटते.

कृष्णदयालला न्याय द्यायचा तर हाही विचार करायला हवा, की त्याच्या काळच्या शास्त्राने त्याला कुठला दरवाजा ठेवला होता. दत्तक द्यायला आई किंवा बाप लागतो. पोरक्या मुलाला देणारा कुणी नाही, म्हणून जुन्या शास्त्राप्रमाणे तो दत्तक जाऊ शकत नसे. शिवाय मूल सजातीय हवे. गोराला कुणी दिले नव्हते आणि कुणी टाकलेही नव्हते. त्याची आई मेली होती. तो दत्तकात बसत नाही, नीट पाहिले तर अपविद्धातही बसत नाही. मनूच्या बारा रकान्यांत या मुलाला रकाना नाही. शास्त्राबाहेर ज्याला पाऊल टाकायचे नाही अशा माणसाला हे मूल 'माझे' म्हणण्यासाठी शब्दच उपलब्ध नव्हता. आनंदमयीला शास्त्राची परवानगी लागली नाही. कृष्णदयालला लागली, आणि ती मिळणार नव्हती.

या कथेची सुरुवात 1857 मध्ये आहे, हेही मला निव्वळ योगायोगाचे वाटत नाही. त्या बंडामागच्या कारणांत दत्तकाचा प्रश्न होता, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. 1848 मध्ये साताऱ्याचे राज्य दत्तक नामंजूर करून खालसा झाले. 1851 मध्ये दुसरा बाजीराव वारल्यावर त्याचा दत्तक मुलगा नानासाहेब याचे पेन्शन बंद केले गेले. 1853 मध्ये गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी दामोदररावाला दत्तक घेतले आणि तरीही झाशी गेली. कंपनीचे म्हणणे असे, की दत्तकाने खासगी मालमत्ता घ्यावी, बापाचे क्रियाकर्म करावे. राज्य मात्र त्याला मिळणार नाही. रवींद्रनाथांनी हा हिशेब उलटा मांडला आहे. त्याच बंडाच्या आगीतून आलेल्या एका गोऱ्या मुलाला घर मिळते, नाव मिळते, शिक्षण मिळते. नाकारला जातो तो क्रियाकर्माचा अधिकार. तिथे परक्या सरकारने सिंहासन नाकारले, इथे घरच्या माणसाने पिंड नाकारला. रवींद्रनाथांच्या मनात हे साम्य होते असा माझा दावा नाही. पण झाशी आणि सातारा ज्याच्या ओळखीचे आहेत, अशा वाचकाला ते दिसल्यावाचून राहत नाही.

6

कादंबरीचा शेवट याच पिंडावर येतो. तुरुंगातून सुटलेला गोरा गंगेकाठच्या बागेत मोठ्या समारंभाने प्रायश्चित्त करणार असतो. कृष्णदयाल त्याला अडवू पाहतो, कारण सांगत नाही. प्रायश्चित्ताच्या दिवशीच कृष्णदयालच्या तोंडातून रक्त पडते आणि आपण मरणार या धास्तीने तो गोराला बोलावतो. इतकी वर्षे जे सांगितले नाही ते सांगतो. का? गोराला सत्य कळण्याचा हक्क आहे म्हणून नाही. न सांगून चालेल असे त्याला वाटत होते. पण आपण मेल्यावर गोरा आपले श्राद्ध करील, या नुसत्या कल्पनेने तो शहारतो. आपल्या परलोकाच्या वाटेवर चुकीच्या हातचा पिंड पडू नये, एवढ्यासाठी तो बोलतो. आयुष्यात तो मुलाशी सर्वांत खरे बोलला ते त्याला नाकारताना.

पुढे रवींद्रनाथ आणखी एक लहानसा फटका देतात. साहेब डॉक्टर येतो, नाडी पाहतो आणि काळजीचे काही नाही असे सांगतो. कृष्णदयाल मरत नव्हताच.

गोरा मात्र मोकळा होतो. आपल्याला आईबाप नाहीत, जात नाही, देशातली सारी देवळे आपल्याला बंद आहेत, हे कळल्यावर तो परेशबाबूंकडे धावतो आणि आज मी खरा भारतवर्षीय झालो असे सांगतो. मग घरी येऊन आनंदमयीला, तूच माझी आई, असे म्हणतो आणि ज्या लछमियामुळे तो त्या खोलीत जेवत नसे, तिच्याच हातचे पाणी मागतो. हा शेवट भव्य आहे, आणि या भव्यतेत कृष्णदयालचेही थोडे भले करून टाकण्याचा मोह वाचकाला होतो. शेवटी त्यानेच तर सत्य सांगितले, असे म्हणावेसे वाटते. मला परिणाम आणि हेतू वेगळे ठेवावेसे वाटतात. त्याच्या सांगण्याने मुलगा मुक्त झाला हे खरे. त्याने सांगितले ते स्वतःच्या मुक्तीसाठी, हेही खरे. पहिले खरे आहे म्हणून दुसरे पुसले जात नाही.

तरीही त्याला खलनायक म्हणून सोडून देता येत नाही. त्याने मूल रस्त्यावर टाकले नाही, मारले नाही, विकले नाही. साहेबी वृत्तीच्या दिवसांत त्याने मूल राहू दिले, पेन्शनच्या दिवसांत लपवले, मोक्षाच्या दिवसांत नाकारले. पहिल्या दिवशी जे सहज जमले ते त्याला पुढे दोनदा नव्याने करायला हवे होते, आणि प्रत्येक वेळी किंमत वाढत गेली. तो तिसऱ्या वेळी हरला. पालक पित्याचा हेतू बदलतो असे मी वर म्हटले, ते या अर्थाने.

आता त्याचे श्राद्ध कोण करणार? महिम. ज्याला त्याने जन्मतःच रागाने सासुरवाडीला टाकले होते, तो. रक्ताच्या मुलाला हाताने वाढवले नाही आणि हातातल्या मुलाला रक्त नाही म्हणून नाकारले. कर्णाची मोजणी लावली, जातकर्म, नाव, लग्न, मलमूत्र काढणारे हात असे मोजत गेले, तर कृष्णदयाल दोन्ही मुलांच्या बाबतीत रिकाम्या हातानेच उभा राहतो. अधिरथाकडे हे सगळे होते.

आणि तरीही महाभारताने अधिरथाला काय दिले ते पाहावे. स्त्रीपर्वात युद्धानंतर गंगेकाठी मृतांना पाणी दिले जाते तेव्हा कुंती पहिल्यांदा सर्वांसमोर सांगते, की कर्ण तुमचा थोरला भाऊ, त्यालाही पाणी द्या. युधिष्ठिर आक्रोश करतो, आणि कर्णाचे उदक पांडवांच्या हातून होते. आयुष्यभर ज्यांना तो नको होता त्यांना मेल्यावर त्याचा अधिकार मिळाला. अधिरथ त्या प्रसंगात कुठेच नाही. ज्याने नवजात मुलाचे जातकर्म केले, त्याला त्या मुलाच्या शेवटच्या ओंजळीत वाटा नाही. कर्णाने उद्योगपर्वात दिलेला शब्द त्याच्याबरोबर युद्धात गेला आणि हिशेब पुन्हा रक्ताच्या खात्यावर जमा झाला.

म्हणून या दोन बापांना 'स्वार्थी' आणि 'थोर' अशा दोन पेट्यांत टाकण्यात मला अर्थ दिसत नाही. दोघांच्याही मनात हे मूल आपले नाही ही जाणीव शेवटपर्यंत होती. मूल घरी आणणाऱ्या कुठल्याही माणसाच्या मनात ती कधीतरी येत असेल, आणि ती आली म्हणून तो बाप म्हणून उणा ठरत नाही. 'केवढे मोठे मन तुमचे' असे म्हणून आपण त्याला ती बोलून दाखवण्याची सोय ठेवत नाही, हे अधिक वाईट. अधिरथाने ती लपवली नाही. भर मैदानात, हजारो लोकांपुढे, वस्त्राचे टोक ओढून त्याने पाय झाकले, आणि त्याच हातांनी मुलाला जवळ घेतले.